बोलत राहा

माझी बायको कादंबरी लिहिते हे मला शेजारणीकडून कळलं, तेही जिन्यात. "वहिनींची कादंबरी कुठवर आली?" असं तिने विचारलं आणि मी "चाललीय जोरात" असं ठोकून दिलं. घरात येऊन बायकोला जाब विचारला, तर ती म्हणाली, "तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही मॅच बघत होतात." असेलही. मॅच चालू असताना घराला आग लागल्याचं कुणी सांगितलं तरी मी 'हूं' म्हणतो.

आम्ही दोघं एकाच कंपनीत नोकरीला. ही कंपनी लिफ्ट बनवत नाही, लोकांच्या लिफ्टची देखभाल करते. मी मेकॅनिक, ती कंट्रोल रूममध्ये. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की तो घंटेचं बटण दाबतो आणि ती घंटा वाजते तिच्या टेबलावर. पुढे काय करायचं ते ठरलेलं आहे. आधी जवळच्या मेकॅनिकला मोबाइलवर निरोप पाठवायचा, आणि मग दार उघडेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं. माणूस गप्प बसला की घाबरतो, घाबरला की हाताने दार उघडायला जातो, आणि तसं उघडायला गेला की मग आम्हाला वेगळ्याच तयारीने जावं लागतं. या बोलत राहण्याला आमच्याकडे 'सोबत' म्हणतात. नव्या मुलींना सोबत जमत नाही, त्या हवेपाण्याबद्दल बोलतात. माझी बायको नुसतं "बोला, मी ऐकतेय" म्हणायची आणि समोरचा धरण फुटल्यासारखा बोलायला लागायचा.

बंद डब्यात माणूस काय काय बोलतो! (लिफ्टच्या खोक्याला आम्ही मेकॅनिक डबाच म्हणतो.) कुणी सांगे, भावाशी दहा वर्षं बोललो नाही. कुणी सांगे, नवऱ्याला न सांगता नोकरी सोडलीय आणि रोज सकाळी उगाच तयार होऊन बाहेर पडते. हे सगळं बायको रात्री जेवताना मला आणि माझ्या आईला सांगायची. मग हळूहळू सांगेनाशी झाली. मला वाटलं, कंटाळली असेल. ती कंटाळली नव्हती, साठवत होती.

लिहायला तिला वेळ कुठून मिळायचा हे मला अजून कोडं आहे. नोकरी पूर्ण वेळ आणि घरही पूर्ण वेळ. पहाटे आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी आई, घोरत असताना ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याउभ्या लिहायची. बसलं की झोप येते म्हणायची. बसमध्ये मोबाइलवर लिहायची. जेवणाच्या सुट्टीत स्टोअररूममध्ये वायररोपच्या गुंडाळीवर बसून एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने लिहायची. मी चेष्टा करायचो. "मोठी लेखिका झालीस की माझं काय? चहा कोण करणार?" असलं काहीतरी. पण मनातून मला तिचं कौतुक होतं, आणि ते मी बोलूनही दाखवलंय. आमच्या घराण्यात सहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही.

आईला मात्र ते आवडेना. आई फटकळ आहे, तिच्या तोंडाला कुलूप लावणं कुणाच्या बापाला जमलं नव्हतं, पण सुनेसमोर तिने स्वतःहूनच बोलणं कमी केलं. झालं असं की एकदा मावशीचा फोन आला, दोघी बहिणींचं बिनसलं आणि आई रडायला लागली. बायको शेजारी जाऊन बसली. आईला वाटलं, आता ही पाठीवरून हात फिरवेल. बायको म्हणाली, "आई, रडायच्या आधी तुम्ही चष्मा काढून घडी घालून का ठेवता? म्हणजे रडायचं हे आधी ठरलेलं असतं का?" आईचं रडणं तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "अरे, ही वाईट नाही. पण हिच्यासमोर शिंकायची चोरी झालीय."

मी हसण्यावारी नेलं.

कादंबरी अर्धी झाली तशी तिने ती एका प्रकाशकाला पाठवली, आणि प्रकाशकाने चक्क बोलावून घेतलं. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. मलाही आनंद झाला. गोष्ट तिच्या कामातलीच होती. एका रिकाम्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये एक माणूस अडकतो, आणि पलीकडे फोनवर एक बाई त्याच्याशी बोलत राहते, एवढंच. बाकीची कादंबरी लिहून झाली, पण शेवट तिने तीनदा लिहिला आणि प्रकाशकाने तीनदा परत पाठवला. "बाकी सगळं उत्तम आहे. शेवट खोटा वाटतो. महिनाअखेरपर्यंत शेवट द्या, नाहीतर पुढच्या वर्षी बघू," असं त्याने कळवलं. पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय ते नोकरदार माणसाला सांगावं लागत नाही.

त्या रात्री ती ताटात चिवडत बसली होती. मी विचारलं, "एवढं काय अवघड आहे त्यात?"

"अहो, अडकलेली सगळी माणसं सारखीच बोलतात," ती म्हणाली. "कारण मदत येतेय हे त्यांना माहीत असतं. आतून ती निर्धास्त असतात. कुणीच येणार नाही हे ज्याला कळलंय, तो काय बोलत असेल?"

"शिव्या देईल. आधी कंपनीला, मग बायकोला."

मी हसलो. ती हसली नाही. उठली, ओट्यापाशी गेली आणि मी बोललो ते टाइप करून आली.

त्यानंतर माझ्या कामात गडबड सुरू झाली. एका शाळेतल्या निवृत्त बाईंना मी लिफ्टमधून बाहेर काढलं. बाई खुशीत होत्या. "तुमची फोनवरची मुलगी फार गोड आहे हो. पण तुम्ही केवढा उशीर केलात!" मी चाट पडलो. मी तिथून हाकेच्या अंतरावर चहा पीत होतो आणि निरोप आल्याबरोबर कप तसाच ठेवून निघालो होतो. म्हातारपणी वेळेचं भान राहत नाही, असं म्हणून मी तो विषय सोडला. मग एक जाडजूड गृहस्थ भेटले. दार उघडलं तर घामाने निथळत, पांढरेफटक पडून जमिनीवर बसलेले. मला म्हणाले, "त्या बाईंनी मला विचारलं, दिवे गेले तर अंधारात आधी कोण आठवेल? अहो, तेव्हा दिवे चालू होते!"

मी मग कान टवकारले. अडकलेल्या प्रत्येकाला विचारायला लागलो, काय बोलणं झालं, कधी झालं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्यांनी मीटिंग, पार्किंग, दुधाचा हिशेब असलं काही लावलं होतं, त्यांच्यासाठी मला निरोप लगेच आला होता. जी माणसं आतलं काही बोलली होती, त्यांच्यासाठी उशिरा आला होता. जेवढं खोल बोलणं, तेवढा उशीर. त्याच आठवड्यात साहेबांनी कंट्रोल रूमच्या भिंतीवर तिचा फोटो लावला, कारण ग्राहक सोबतीची तारीफ करत होते. कुंपण शेत खात होतं आणि मालक कुंपणाला हार घालत होता.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती नाकबूल करेल, रडेल, असं मला वाटलं होतं. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, "थोडाच वेळ थांबते मी."

"थोडा वेळ म्हणजे? उद्या एखादा मेला तर?"

"मरायला लागला तर मला कळतं. आवाज बदलतो." आमचा वस्ताद मोटरचा आवाज ऐकून बेअरिंग सांगतो, तशा खात्रीने ती हे बोलली. वस्ताद म्हणजे आमच्यातला सगळ्यात जुना मेकॅनिक.

"मी साहेबांना सांगेन," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा.

"सांगा. नोकरी जाईल, पुस्तकही अर्धंच राहील. मग मी या घरात तुम्हाला आणि आईंना वाढत बसेन. वीस वर्षं सगळ्यांचं सगळं केलं, एक गोष्ट माझी म्हणून मागितली, तर तीही कुणाच्या तरी पाच मिनिटांवरून गेली असं समजेन." मग ती जरा मऊ झाली. "बरं, बंद करते. झालं?"

तिने खरंच बंद केलं. निरोप वेळेवर यायला लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून मीही विषय मिटवला. पण पहाटे उठून पाहिलं तर ती ओट्यापाशी नुसती उभी असायची, हात लॅपटॉपवर आणि बोटं हलत नसायची. प्रकाशकाचा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलायची आणि आत येताना तोंड धुऊन यायची. मला तिची कीव यायची. एवढ्या कष्टाने गाडी घाट चढवावी आणि शेवटच्या वळणावर पेट्रोल संपावं, तसं झालं होतं तिचं.

आणि मग ती माझ्याकडे बघायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको टक लावून बघायला लागली की माणूस आधी शर्टाची बटणं तपासतो. मीही तपासली. एकदा मी दाढी करत होतो आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरता तेव्हा भीती वाटते तुम्हाला?"

"सवय झाली आता."

"तिथे मोबाइलला रेंज नसते ना?"

"नसते. म्हणून तर खड्ड्यात वेगळा फोन असतो, भिंतीला."

"तो कुठे लागतो?"

"तुझ्याकडेच लागतो, आणखी कुठे लागणार? त्याला डायलच नाही."

तिने मान हलवली. मला बरं वाटलं. बायकोला काळजी वाटतेय, एवढाच अर्थ मी त्यातून काढला.

महिना संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत दुरुस्तीचं काम चाललं होतं. सगळे मजले रिकामे, फरशा उखडलेल्या, जिन्यात सिमेंटची धूळ. तिथली लिफ्ट पहिल्या मजल्याच्या वर अडकली होती. वॉचमन एकटाच गेटवर होता. मी विचारलं, "आत कुणी अडकलंय?" तो म्हणाला, "नाही, कामगार जेवायला गेलेत." मी वर जाऊन मशीनचा मेन स्विच पाडला आणि खाली आलो.

इथे माझी चूक झाली, आणि ती मेकॅनिकच करू शकतो. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं असतं आणि ते रिकाम्या डब्यापेक्षा जड असतं. म्हणून ब्रेक सुटला तर रिकामा डबा वर जातो, जड भरलेला मात्र खाली येतो. साध्या माणसाला हे माहीत नसतं, तो अडकलेल्या डब्याखाली उतरायला घाबरतो. आम्हाला माहीत असतं, म्हणून आम्ही घाबरत नाही. डब्यात माणूस नाही एवढं मी विचारलं. कामगारांनी तो नव्या फरशीच्या खोक्यांनी ठासून भरून ठेवलाय, हे मी विचारलं नाही आणि वॉचमनला सांगावंसं वाटलं नाही.

खड्ड्यात उतरण्याआधी कंट्रोलला फोन करून 'आत' म्हणायचं आणि वर आल्यावर 'बाहेर' म्हणायचं, असा आमचा नियम आहे. 'बाहेर' आलं नाही तर कंट्रोलने दुसरा मेकॅनिक पाठवायचा. मी 'आत' म्हटलं. बायकोच होती. दुपारी तिथे दोघीच असतात आणि त्यातली एक जेवायला जाते. "सांभाळून," ती म्हणाली. मोबाइल मी पिशवीत घालून तळमजल्याच्या दारात ठेवला, कारण खड्ड्यात पाणी होतं.

कोपऱ्यात वाकून मी एक कुजलेला स्विच सोडवत होतो. मानेवर बारीक धूळ पडली. सिमेंटची असेल म्हणून मी झटकली. पुन्हा पडली. मग उजेड कमी झाल्यासारखा वाटला म्हणून मी वळलो, तर ज्या दारातून मी उतरलो होतो ते दार जवळजवळ नव्हतंच. डबा त्याच्यासमोर येऊन उभा होता. खाली हातभर फट होती आणि तेवढ्या फटीतून ऊन येत होतं. त्या फटीतून बाहेर झेपावणाऱ्या माणसाचं काय होतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेलं आहे. माझ्या डोळ्यांदेखत डबा बोटभर आणखी खाली आला. आवाज नाही, झटका नाही. थकलेला माणूस भिंतीला टेकून हळूच खाली बसतो, तसा.

मी आधी बोंब मारली. वॉचमन गेटवर, बाहेर रस्ता, कोण ऐकतंय! मग भिंतीवरचा फोन उचलला.

"बोला, मी ऐकतेय."

"अगं, मी बोलतोय. खड्ड्यात अडकलो. डबा खाली येतोय, भरलेला दिसतोय. वस्तादला पाठव. ब्रेकला क्लॅम्प लावायला सांग, आधी क्लॅम्प, मग बाकीचं."

"अगं बाई!" तिचा आवाज खरोखर कापला. आजही मी म्हणेन, तो कापला. "पाठवते. घाबरू नका. तुम्ही बोलत राहा."

"लवकर पाठव."

"हो. किती जागा आहे तुमच्या वर?"

मी सांगितलं. डबा पूर्ण खाली येऊन तळाच्या स्प्रिंगवर टेकला तरी खड्ड्यात माणूस आडवा मावला पाहिजे, असं नियमाच्या पुस्तकात लिहिलंय. ही इमारत त्या पुस्तकाच्या आधीची होती. मी पाण्यात बसलो होतो आणि डब्याचं बूड माझ्या टाळूपासून हाताच्या अंतरावर होतं.

"कसला वास येतोय?" तिने विचारलं.

"वास? ग्रीसचा. कुजक्या पाण्याचा. वस्ताद कुठे आहे आत्ता?"

"येतायत. हात कुठे आहेत तुमचे?"

आणि मला टकटक ऐकू आली. लॅपटॉपच्या बटणांची. घरी पहाटे मी याच आवाजाने कूस बदलतो.

सोबतीत सगळ्यात आधी मेकॅनिक कुठवर पोचला ते सांगायचं असतं. सिग्नलपाशी आहे, वळणावर आहे, गेटमध्ये शिरला. त्यानेच माणसाला धीर येतो. तिने मला त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. मी मोठ्याने विचारलं, "पाठवलंस ना?"

टकटक चालूच होती. मग ती म्हणाली, "अहो, बोला ना. थांबू नका."

रागावलो तरी ते तिच्या कामाचं, रडलो तरी तिच्या कामाचं. गयावया केली तर मग सोन्याहून पिवळं. डबा आणखी बोटभर आला आणि मी मान वाकवली. आणि तेव्हा मला ते पार्किंगवाले आणि दुधाच्या हिशेबवाले आठवले. ज्यांनी कंटाळा आणला ते लगेच सुटले होते. मी ठरवलं, हिला इतकं रटाळ काहीतरी ऐकवायचं की हिने वैतागून वस्तादला बोलवावं.

"बाथरूमचा नळ फार घट्ट पिळू नकोस," मी सुरुवात केली. "आत नवा वायसर टाकलाय, पण तो एक माप लहान आहे. मोठा आणायचा राहिला. गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो. उघडायचा तर उजवीकडे. हे फक्त मला माहीत आहे, म्हणून सांगून ठेवतो. इस्त्रीवाल्याकडे माझे दोन शर्ट आहेत, निळा आणि चौकडीचा. चौकडीचा आणला नाहीस तरी चालेल. गॅसची नळी बदलायला झालीय."

टकटक थांबली. मला वाटलं, चला, कंटाळतेय.

"आईच्या डोळ्यांचे थेंब फ्रिजच्या दारात आहेत. आधी डावा डोळा. उजव्यात आधी टाकलं की ती डावा गच्च मिटून घेते आणि मग उघडत नाही. तेव्हा तिला विचारायचं, मावशीने काल काय केलं? मग ती तावातावाने सांगायला लागते आणि डोळा आपोआप उघडतो. पुढच्या दाराची कडी जरा वर उचलून लावायची. तुला ती कधीच लागत नाही. रोज तू झोपलीस की मी उठून लावतो. तुला सांगितलं नाही, उगाच तुला वाटेल मी चुका काढतो."

टकटक पुन्हा सुरू झाली आणि आता ती जोरात चालली होती. मला वाटलं, निरोप पाठवतेय. वस्तादला, साहेबांना, सगळ्यांना. मी नेट लावून बोलत राहिलो. छत्रीची तार, खिडकीचं बिजागर, कुठल्या डब्यात खिळे आहेत आणि कुठल्यात स्क्रू. डब्याचं बूड माझ्या पाठीला टेकलं होतं आणि मी गुडघ्यांत डोकं घालून, रिसीव्हर कानाशी धरून स्क्रूबद्दल बोलत होतो. पलीकडून ती एकदाही काही म्हणाली नाही.

मग वरून वस्तादची आरोळी आली. "हलू नकोस! क्लॅम्प मारलाय!" थोड्या वेळाने डबा हाताने फिरवत फिरवत वर जायला लागला आणि उजेडाची फट रुंदावली. वस्तादने काखेत हात घालून मला वर ओढलं तेव्हा जीव भांड्यात पडला, आणि खोटं कशाला बोलू, स्वतःच्या हुशारीचा मला गर्वही वाटला. बायकोला ओळखणारा नवरा असावा तर असा.

"बरं झालं हिने वेळेवर कळवलं," मी म्हणालो.

"कुणी?" वस्ताद घाम पुसत होता.

"कंट्रोलने."

"कंट्रोलचा काही निरोप नाही मला. वॉचमनचा फोन आला. पाणी भरायला आत आलो तर लिफ्टच्या खालून कुणीतरी नळ आणि इस्त्रीचं बोलतंय, पण माणूस दिसत नाही, म्हणाला. माझा नंबर मशीनरूमच्या दारावर आहे तो बघून लावला त्याने." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू फोन केला होतास कंट्रोलला?"

मी दारातली पिशवी उचलून मोबाइल आहे का ते बघायला लागलो. माझ्या वतीने वस्तादनेच 'बाहेर' कळवून टाकलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर ती माझ्या आधी आलेली होती. आई तिच्या खोलीत पडली होती. बायकोने मला खुर्चीत बसवलं, पाणी गरम करून आणलं, माझी खरचटलेली पाठ पुसली आणि हलक्या हाताने मलम लावलं. तिचे डोळे रडून सुजले होते. इतक्या मायेने तिने मला कित्येक वर्षांत हात लावला नव्हता.

"तू वस्तादला निरोप पाठवला नाहीस," मी म्हणालो.

"पाठवणारच होते." ती माझ्या मागे उभी होती, मला तिचं तोंड दिसत नव्हतं. "हात नेला होता मी बटणावर, आईंची शप्पथ. तेवढ्यात तुम्ही नळाचं काढलंत. मग थेंबांचं. अहो, इतकी वर्षं मी ऐकतेय, इतकं खरं कुणी बोललं नव्हतं. मला वाटायचं, शेवटी माणूस काहीतरी मोठं बोलत असेल."

"मी तुला कंटाळा आणत होतो."

"असं तुम्हाला वाटतंय," ती म्हणाली. आवाजात कौतुक होतं, आणि ते खरं होतं, म्हणून ते मला जास्त लागलं.

मी शर्ट ओढून घेतला. मग विचारलं, "तुझ्या पुस्तकातला माणूस. तो वाचतो का?"

"नाही."

"कधी लिहिलंस हे?"

"तेव्हाच. तुम्ही बोलत होतात तेव्हाच. दुपारीच प्रकाशकांना पाठवूनही दिलं. त्यांचा फोन आला होता, रडत होते ते." तिने मलमाच्या डबीचं झाकण लावलं आणि ताटं मांडण्याआधी पाहुणे दारात यावेत, तशी जराशी कुरकुरली. "एकच परिच्छेद घाईत झाला बघा, अगदी शेवटचा. वस्ताद जरा लवकरच आले."

मी उठलो, आईच्या खोलीत गेलो आणि आतून कडी लावली.